तीनशे रुपयांचा इतिहास: न वाढवलेली पेन्शन ही कपातच आहे

सरकार अपंगांच्या पेन्शनला कात्री लावते तेव्हा तशी घोषणा करत नाही. शासन निर्णय निघत नाही, बातमीही येत नाही. रक्कम जिथल्या तिथे ठेवली जाते आणि उरलेले काम महागाई करते. कपात झालेलीच दिसत नाही, म्हणून मोर्चाही निघत नाही. ही कपात कशी होत आली, हे आंबेडकरी तरुणांसमोर मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करावी लागेल. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. याच काळात प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम देण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कामावर हात गमावलेल्या कामगाराला त्यात अपंगत्व लाभ आहे. तो मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून मिळतो, म्हणजे तो त्याचा हक्क आहे. त्यात कुणाच्या दयेचा प्रश्नच येत नाही. पण हा कायदा कारखान्यांपासून सुरू झाला. शेतमजूर, वीटभट्टीवरचा कामगार, गटारात उतरणारा माणूस त्याच्या बाहेर राहिला. म्हणजेच आपला बहुतांश समाज बाहेर राहिला.

या बाहेर राहिलेल्यांसाठी संविधानात कलम ४१ आहे. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत शासनाने लोकसाहाय्य द्यावे, असे ते सांगते. मात्र त्यालाच 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी अट जोडलेली आहे आणि मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी या आक्षेपाला उत्तर दिले होते. सत्ता कुणाच्याही हाती जावो, त्याला ही तत्त्वे डावलता येणार नाहीत. न्यायालयात जाब द्यावा लागला नाही तरी निवडणुकीत मतदारांपुढे द्यावाच लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रश्न असा की, आपण हा जाब कधी विचारला?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्यात अपंगांसाठी पेन्शन नव्हती. ती यायला २००९ साल उजाडले. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला महिना २०० रुपये, तेही अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा ४० टक्क्यांना अपंग मानत होता, पेन्शन मात्र ८० टक्के मागते. पहिली कपात ही. ४० ते ८० च्या मधला माणूस कायद्याने अपंग, पण पेन्शनच्या यादीत धडधाकट!

२०१२ मध्ये ही रक्कम ३०० रुपये झाली आणि तिथेच थांबली. ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ साली १०० धरला, तर २०२४ अखेर तो १९० च्या पुढे गेला. म्हणजे तीनशेची किंमत जवळपास निम्मी उरली. ही दुसरी कपात. संसदेच्या ग्रामविकास स्थायी समितीने रक्कम वाढवण्याची शिफारस वारंवार केली. पैसा नाही म्हणावे, तर खासदारांचे वेतन २०१८ मध्ये कायदा करून महागाईशी जोडले गेले आणि २०२५ मध्ये ते १ लाखावरून १ लाख २४ हजार झाले. त्यांच्यासाठी सूत्र आहे, अपंगांसाठी नाही. पेन्शन आणली आणि वाढवली ती काँग्रेस आघाडीने, पण ८० टक्क्यांची अट तिचीच. रक्कम गोठवून ठेवली भाजप आघाडीने. म्हणून जाब दोघांनाही विचारावा लागेल.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा कलम २४ मध्ये सांगतो की, अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे. केंद्राची विधवा पेन्शन ३०० रुपये आणि अपंग पेन्शनही ३०० रुपयेच. विधवा भगिनींचे तीनशेही तुटपुंजेच आहेत. त्यांच्याशी आमची स्पर्धा नाही. पण पंचवीस टक्के गेले कुठे?

पैसे वाढले नाहीत, नाव मात्र वाढले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला विरोध केला. आपल्याला हा खेळ जुना आहे. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणणाऱ्या विधेयकावरून बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले होते. देवाचे नाव दिले की माणसाचा हक्क द्यावा लागत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

हा प्रश्न जातीचाही आहे. २०११ च्या जनगणनेत अपंगांचे प्रमाण एकूण लोकसंख्येत २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के होते. कुपोषण, धोक्याचे काम आणि वेळेवर न मिळालेले उपचार शरीरावर खुणा ठेवून जातात. म्हणून अपंगांची चळवळ वेगळी आणि आपली वेगळी, असे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

'बोगस प्रमाणपत्रे' हे उत्तर नेहमी तयार असते. बोगसांना जरूर पकडा. पण त्यांच्या नावाखाली चालता न येणाऱ्या म्हातारीला पुन्हा पुन्हा तालुक्याला बोलावणे आणि ती आली नाही म्हणून पेन्शन थांबवणे, ही तिसरी कपात आहे.

महाराष्ट्रात अपंगांनी आंदोलने केली. संजय गांधी निराधार योजनेत २०२५ मध्ये अपंगांचे अनुदान १५०० वरून २५०० रुपये झाले. लढल्यावर मिळते, हा त्याचा धडा. पण सूत्र नसेल तर हे अडीच हजारही उद्या तीनशेच्या वाटेने जातील. म्हणून मागणी केवळ रकमेची नको. पेन्शन महागाईशी जोडा, ८० टक्क्यांची अट काढून ४० करा आणि कलम २४ पाळा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला वस्तीतल्या अपंग बांधवांसमोर उभे करून हे तीन प्रश्न विचारू या. १९४८ साली बाबासाहेबांनी हे काम मतदारांवर सोपवले होते.

जय भीम! जय संविधान!