समजून घ्या : बाकीच्यांना उकडतंय, मग तिचेच हात-पाय गार का? हे मोजतात कसं?

नवी मुंबईतलं करावे हे खाडीकाठचं गाव. हवा दमट, कडाक्याची थंडी नाहीच. तरीही इथून सीवूड्स स्थानक गाठून एसी ऑफिसात जाणाऱ्या एखाद्या तरुणीची बोटं दुपारपर्यंत गारठतात. ‘तुलाच कशी थंडी वाजते?’ असं म्हणून विषय हसण्यावारी नेला जातो. पण हा गारवा मोजता येतो.

मुलींनाच जास्त का?

थंडी जाणवली की शरीर हृदय, यकृतासारख्या अवयवांची ऊब जपतं. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. स्त्रियांमध्ये हा प्रतिसाद अधिक तीव्र असतो. त्यात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचाही वाटा आहे. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या अभ्यासात स्त्रियांचे हात पुरुषांपेक्षा सुमारे दीड अंश सेल्सिअसने गार आढळले. शरीराचं आतलं तापमान मात्र किंचित जास्तच होतं.

मोजतात कसं?

१. प्रश्नावली : गारवा किती जाणवतो, याला ० ते १० पैकी गुण द्यायचे.

२. त्वचेचं तापमान : इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तळहात आणि दंड, पाऊल आणि मांडी यांच्या तापमानातला फरक पाहतात. त्याआधी ठरावीक तापमानाच्या खोलीत थोडा वेळ शांत बसवतात.

३. गार पाण्याची चाचणी : हात काही वेळ गार पाण्यात ठेवून, बाहेर काढल्यावर बोटं किती वेळात पूर्ववत होतात, ते मोजतात.

एकच मोजमाप पुरत नाही. काहींची त्वचा गार नसते, तरी त्यांना गारवा खूप जाणवतो. काहींचं उलट असतं.

दुर्लक्ष का नको?

बऱ्याचदा यात आजार नसतो. पण रक्तक्षय किंवा थायरॉइडची कमतरता असली तरी थंडी जास्त वाजते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय मानतात. म्हणजे महागड्या कॅमेऱ्याआधी साधी रक्त तपासणी महत्त्वाची.

डॉक्टरांकडे कधी जावं?

गारठ्यात बोटं आधी पांढरी, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील, तर ते ‘रेनॉड’चं लक्षण असू शकतं. बोटांवर जखमा होणं, एकाच हाताला त्रास होणं किंवा सोबत थकवा, धाप, सांधेदुखी असणं, हीही थांबू नये अशी लक्षणं.

बर्फाच्या पाण्याचा प्रयोग घरी करू नका. त्याऐवजी त्रास कधी, कुठे आणि किती वेळ होतो, याची आठवडाभर नोंद ठेवा. रंग बदलला तर फोटो काढा. डॉक्टरांना याचा खरा उपयोग होतो.