घाट, हद्दी आणि पहिले वर्ष

पहिले वर्ष नकोसे गेले म्हणून विद्यापीठच बदलू, असे ठरवणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेले असतात: राहण्याची जागा सोसत नाही, महाविद्यालय आवडत नाही की विषयच चुकला? विद्यापीठ बदलणे हा या प्रत्येकावरचा उपाय नव्हे. महाड-पोलादपूरच्या मुलांनी तर ही फोड आधी करायलाच हवी, कारण इथले रस्ते एकीकडे जातात आणि विद्यापीठांच्या हद्दी दुसरीकडे.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाचे. त्यामुळे पोलादपूरहून कशेडी ओलांडून खेडला गेलेल्या मुलाचा जिल्हा बदलतो, विद्यापीठ तेच राहते. तोच आंबेनळी घाटाने महाबळेश्वरवरून साताऱ्याला गेला, तर शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत येतो. तिथेही यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश घेतला, तर ते 2021 मध्ये स्थापन झालेल्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचे. महाडहून वरंध घाट चढून भोरला पोहोचले की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. उत्तरेला महामार्गावरचे लोणेरे रायगडातच आहे, पण तिथले तंत्रशास्त्र विद्यापीठ स्वतंत्र.

याचा खरा परिणाम दिसतो तो परत येऊ पाहणाऱ्या मुलांवर. या तालुक्यांतल्या अनेक घरांचे कोणी ना कोणी मुंबईला असते. बारावीनंतर मुलगा काकांच्या खोलीवर राहतो, लोकलच्या गर्दीत वर्ष काढतो आणि मे महिन्यात म्हणतो, मला परत जायचे नाही. त्याचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न असेल, तर महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला येणे हा फक्त महाविद्यालयाचा बदल ठरतो. ना हरकत मिळवायची, जागा आहे का ते पाहायचे. त्याची बहीण पुण्याला शिकत असेल, तर तिला मायग्रेशन सर्टिफिकेट, एलिजिबिलिटी आणि अभ्यासक्रमाची समकक्षता या सगळ्यांतून जावे लागते. त्यात एखादी सही राहिली, तर पावसाळ्यात वरंध घाट बहुधा बंदच असतो. पुणे मुंबईपेक्षा जवळ, पण कागदोपत्री दूर.

मुंबईतही एक मेख आहे, आणि ती पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम ही महाविद्यालये 2019 पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत. के. सी. आणि एच. आर. एचएसएनसी विद्यापीठात. रुईया मुंबई विद्यापीठातच आहे, पण स्वायत्त असल्याने त्याचा अभ्यासक्रम वेगळा. म्हणून महाविद्यालयाच्या नावावर विसंबू नये. गुणपत्रिकेवर वर कोणत्या विद्यापीठाचे नाव छापले आहे ते वाचावे.

नव्या शैक्षणिक धोरणाने यातली एक अडचण हलकी केली. 2021 च्या नियमांनी अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. उत्तीर्ण झालेल्या विषयांची क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात आणि कमाल सात वर्षे ग्राह्य धरली जातात. राज्यात एका सत्राला साधारण 20 ते 22 क्रेडिट्स हे माप सगळीकडे सारखेच. पण माप जुळले म्हणून पेपर जुळतातच असे नाही. समजा, एका मुलीचा मेजर विषय रसायनशास्त्र आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने असल्यामुळे इथे या विषयाला पुढे अर्थ आहे. तिचा मायनर सूक्ष्मजीवशास्त्र असेल आणि नव्या महाविद्यालयात तो शिकवतच नसतील, तर खात्यातली क्रेडिट्स तशीच राहतात, पण पुढच्या सत्राची सांधजोड होत नाही. स्वीकारायचे काय, हे नवे विद्यापीठच ठरवते. एटीकेटी लागलेल्या पेपरचे तर क्रेडिटच जमा झालेले नसते.

याच नियमांत एक अट अशी: पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान 50 टक्के क्रेडिट्स मिळवलेली असावीत. तीन वर्षांच्या पदवीत पहिले वर्ष एक तृतीयांश भरते, म्हणून पहिल्या वर्षानंतर बदल केला तर ही अट आड येत नाही. दुसऱ्या वर्षानंतर मात्र दोन तृतीयांश दुसरीकडचे होतात आणि वाट बंद होते. त्यामुळे बदलायचेच असेल, तर रखडत दुसरे वर्ष काढण्यापेक्षा याच उन्हाळ्यात निर्णय घेणे शहाणपणाचे, हे माझे ठाम मत आहे.

विषयच चुकला असेल, तर मात्र घाट ओलांडून काही साधत नाही. वाणिज्य सोडून कला शाखेत जाणारा मुलगा बहुतेक वेळा पहिल्या वर्षापासूनच सुरू करतो, आणि एकाच टप्प्यावर शाखा बदलल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हातची जाऊ शकते. फी शिष्यवृत्तीवर अवलंबून असलेल्या घराने आधी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावे.

उरतो क्रमाचा प्रश्न. दुसऱ्या वर्षाच्या जागा कोणी सोडून गेल्यावरच रिकाम्या होतात. जागेचे लेखी उत्तर हातात येण्याआधी जुन्या महाविद्यालयातून दाखला काढला, तर मुलगा दोन्हीकडून सुटतो. आधी क्रेडिट्स खात्यात दिसतात का ते पाहावे, मग नव्या प्राचार्यांचे पत्र घ्यावे, आणि दाखल्याचा अर्ज सगळ्यात शेवटी द्यावा.