मार्क ड्रेकफर्ड : कुणी फोन घेत नाही, अशा मुख्यमंत्र्याची गोष्ट

वेल्स म्हटलं की आपल्याला काय आठवतं? प्रिन्स ऑफ वेल्स, फुटबॉलवाला गॅरेथ बेल, आणि थोडं डोकं खाजवलं तर टाटांचा पोर्ट टॅलबटचा पोलाद कारखाना. पण या ३१ लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या छोट्या देशाला स्वतःचा मुख्यमंत्री असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथे त्याला फर्स्ट मिनिस्टर म्हणतात, वेल्श भाषेत 'प्रिव्हवेनिडोग'.

या खुर्चीवर पाच वर्षांहून जास्त काळ बसलेले एक गृहस्थ म्हणजे मार्क ड्रेकफर्ड. कसलाही झगमगाट नसलेला हा प्राध्यापक माणूस. तरी त्यांच्या एका निर्णयावर जेवढ्या सह्या विरोधात पडल्या, तेवढ्या वेल्सच्या संसदेने कधी पाहिल्या नव्हत्या.

आधी हे सरकार काय प्रकरण आहे?

१९९७ साली वेल्समध्ये सार्वमत झालं. प्रश्न होता, आपली स्वतंत्र विधानसभा हवी का? 'हो' म्हणणारे निघाले ५०.३ टक्के. फरक फक्त ६,७२१ मतांचा! एखाद्या आमदारकीच्या निवडणुकीत पडतो तेवढा. त्यातून १९९९ मध्ये कार्डिफला विधानसभा सुरू झाली. कायदे करण्याचे पूर्ण अधिकार तिला २०११ च्या दुसऱ्या सार्वमतानंतर मिळाले आणि २०२० पासून तिला 'सेनेड' म्हणतात.

आरोग्य, शिक्षण, स्थानिक वाहतूक हे विषय कार्डिफकडे. संरक्षण, परराष्ट्र, पोलीस आणि बराचसा कर लंडनकडे. आपल्याकडे पोलीस राज्याच्या हातात असतात, तिथे तेही नाहीत. पुढची गोष्ट कळायला एवढं लक्षात असू द्या.

पडद्यामागचा माणूस

ड्रेकफर्ड यांचा जन्म १९५४ चा, पश्चिम वेल्समधल्या कार्मार्थनचा. कॉलेजात शिकले लॅटिन. नोकरी मात्र केली प्रोबेशन ऑफिसरची, म्हणजे गुन्हा करून बसलेल्यांना पुन्हा रुळावर आणण्याची, तीही कार्डिफच्या ईली या गरीब वस्तीत. पुढे कार्डिफ विद्यापीठात समाजधोरणाचे प्राध्यापक झाले.

२००० साली तेव्हाचे फर्स्ट मिनिस्टर रॉड्री मॉर्गन यांनी त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. दोघेही लेबर पक्षाचे. लंडनमध्ये टोनी ब्लेअर खासगी क्षेत्राला सरकारी सेवांमध्ये आणत होते आणि वेल्सला ते नको होतं. २००२ मध्ये मॉर्गन यांच्या स्वान्सीच्या भाषणासाठी एक शब्दप्रयोग लिहिला गेला : लंडन आणि आपल्यामधलं 'स्वच्छ लाल पाणी'. भाषण तयार करण्यात ड्रेकफर्ड यांचा मोठा हात होता. गंमत अशी, की मॉर्गन यांनी ते शब्द प्रत्यक्षात उच्चारलेच नाहीत. तरी भाषण आजही त्याच नावाने ओळखलं जातं.

२०११ मध्ये मॉर्गन यांच्याच कार्डिफ वेस्ट मतदारसंघातून ड्रेकफर्ड निवडून आले. २०१३ मध्ये आरोग्यमंत्री झाले. त्याच वर्षी वेल्सने कायदा केला, की माणसाने जिवंतपणी नकार नोंदवला नसेल, तर अवयवदानाला त्याची संमती आहे असं मानायचं. अंमल सुरू झाला डिसेंबर २०१५ पासून, ब्रिटनमध्ये सर्वांत आधी. मग अर्थखातं आलं आणि २०१८ च्या अखेरीस फर्स्ट मिनिस्टरची खुर्ची.

कोरोना आला आणि चेहरा घराघरात पोहोचला

एरवी हे नाव वेल्सबाहेर कुणी घेतलं नसतं. पण आरोग्य कार्डिफच्या हातात असल्याने लॉकडाऊनचे निर्णयही ड्रेकफर्डच घेत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनचं सरकार तयार नसताना त्यांनी वेल्सपुरता १७ दिवसांचा लॉकडाऊन लावला. सुपरमार्केटमध्ये किराणा चालू, पण कपडे, खेळणी विकायची नाहीत. शेल्फवर प्लास्टिक गुंडाळलं गेलं आणि लोक चांगलेच भडकले. हा नियम फसलाच, असं म्हणावं लागेल. पण इंग्लंडलाही नोव्हेंबरमध्ये लॉकडाऊन लावावाच लागला.

घरात पत्नी आणि सासूबाई, दोघींच्या तब्येती नाजूक. म्हणून मुख्यमंत्री काही काळ घराच्या बागेतल्या खोलीत वेगळे राहत होते.

मे २०२१ च्या निवडणुकीत लेबरला ६० पैकी ३० जागा मिळाल्या. बरोबर निम्म्या.

ताशी २० मैल

सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवरची वेगमर्यादा ३० मैलांवरून २० वर आली, म्हणजे ताशी ४८ किलोमीटरवरून ३२. उद्देश सरळ होता : वेग कमी, तर धडक कमी जीवघेणी. विरोधातल्या याचिकेवर सुमारे ४ लाख ७० हजार सह्या झाल्या. पुढच्या वर्षभरात अशा रस्त्यांवर जखमी होणाऱ्यांची संख्या साधारण एक चतुर्थांशाने घटली. तरी राग काही घटला नाही. वाचलेला माणूस दिसत नाही, उशीर मात्र रोज दिसतो.

ते वर्ष त्यांच्यासाठी वाईटच होतं. जानेवारीत पत्नी अचानक गेल्या. डिसेंबरमध्ये त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.

आणि तो फोन?

जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या बॉम्बे हाऊसमधून चालणाऱ्या टाटा स्टीलने पोर्ट टॅलबटच्या दोन्ही झोतभट्ट्या बंद करण्याचं जाहीर केलं. सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार होत्या. ड्रेकफर्ड यांनी त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांच्याशी बोलायचं म्हटलं. सुनक फोनवर आले नाहीत. नव्या विद्युत भट्टीसाठीचे ५० कोटी पौंड लंडनचे होते, करार लंडन आणि टाटांचा होता. गाव वेल्सचं, पण तिथल्या मुख्यमंत्र्याला टेबलावर खुर्ची नव्हती. त्याच सप्टेंबरअखेर शेवटची झोतभट्टी विझली.

जाऊन परत आले

मार्च २०२४ मध्ये वॉन गेथिंग त्यांच्या जागी आले. प्रचारासाठी घेतलेल्या देणगीवरून वाद पेटला, अविश्वास ठराव हरले, चार मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि चार महिन्यांत तेही गेले. मग एलिनेड मॉर्गन यांनी सत्तरीला टेकलेल्या ड्रेकफर्डना परत बोलावलं, आधी थोडे दिवस आरोग्य, मग पुन्हा अर्थखातं. माजी मुख्यमंत्री मंत्री म्हणून परत येणं आपल्याकडे नवं नाही.

बहुमत नसल्याने २०२५ चा अर्थसंकल्प एका मतावर अडला होता. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या सभागृहातल्या एकमेव सदस्या होत्या जेन डॉड्स. त्यांच्याशी समझोता झाला, त्या तटस्थ राहिल्या आणि अर्थसंकल्प सुटला. २०२६ ची निवडणूक आपण लढवणार नाही, हे तोवर ड्रेकफर्ड यांनी सांगून टाकलेलं होतं.