कोळंबी, घोडी आणि देवमासा : हृदयाच्या शोधाची गोष्ट

मटणाच्या दुकानात जाऊन 'काळीज द्या' म्हटलं, तर खाटीक यकृताचे तुकडे तोलून देतो. हृदय हवं असेल तर ते वेगळं मागावं लागतं. पण तेच काळीज निकालाच्या दिवशी धडधडतं, वाईट बातमी कानावर आली की त्यात धस्स होतं, आणि कुणाचं दुःख पाहवलं नाही की त्याचं पाणी पाणी होतं. आपल्या भाषेने यकृत आणि हृदय एकाच शब्दात बसवून टाकलं आहे, आणि त्यामुळे आपलं काही अडलेलं नाही.

डॉक्टरांचं मात्र अडलं होतं. यकृत काय करतं आणि हृदय काय करतं, या प्रश्नाचं एक चुकीचं उत्तर युरोपातले वैद्य जवळपास चौदाशे वर्षं बरोबर मानत आले. हा गुंता सुटला तो माणसाच्या हृदयाकडे बघून नाही. तो सुटला कोळंबी, वाम मासा, बेडूक, साप आणि कोंबडीचं अंडं यांच्यामुळे. आपल्या छातीत काय चाललंय, हे आपल्याला बऱ्याच अंशी इतर प्राण्यांच्या हृदयांनी शिकवलं. त्या शिकवणीची फी बहुतेक वेळा त्यांनीच भरली, आणि तीही जिवानिशी.

न दिसणारी भोकं

गेलेन हा रोमन साम्राज्यातला ग्रीक वैद्य, जन्म इसवी सन १२९ च्या आसपासचा. तरुणपणी तो ग्लॅडिएटर योद्ध्यांवर उपचार करायचा, पुढे थेट सम्राटांचा वैद्य झाला. त्याच्या काळात माणसाचं प्रेत फाडून पाहण्याची सोय नव्हती. त्यामुळे त्याने माकडं, डुकरं, बैल असे प्राणी चिरले आणि त्यांच्यावरून माणसाचं शरीर रचलं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं : खाल्लेल्या अन्नाचं यकृतात रक्त बनतं. ते शिरांमधून शरीरभर जातं आणि अवयव ते वापरून संपवतात, शेतात सोडलेलं पाणी जमिनीत मुरावं तसं. थोडं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि मधल्या जाड पडद्यातल्या बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांतून झिरपत डाव्या बाजूला जातं.

ही भोकं कुणीच पाहिली नव्हती. ती नव्हतीच. पण गेलेनचा दरारा एवढा, की भोकं सापडली नाहीत तर वैद्य आपल्याच नजरेला दोष देत. तेराव्या शतकात कैरोतल्या इब्न अल-नफीस या वैद्याने स्पष्ट लिहून ठेवलं, की पडद्यात भोकं नाहीत, रक्त उजवीकडून डावीकडे जातं ते फुप्फुसांतून. त्याचं हे लिखाण युरोपच्या नजरेआड राहिलं. बर्लिनच्या ग्रंथालयातली त्याची हस्तलिखित प्रत एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागली तेव्हा १९२४ साल उजाडलं होतं.

खिडकी असलेली कोळंबी

विल्यम हार्वीचा जन्म १५७८ चा, इंग्लंडमधला. इटलीत पादुआला शिकला, लंडनमध्ये परतला आणि पुढे राजाचा वैद्य झाला. हृदय नेमकं कसं हलतं हे पाहायला त्याने जिवंत प्राणी उघडायला सुरुवात केली आणि हताश झाला. कुत्र्याचं किंवा डुकराचं हृदय इतक्या वेगात हलतं, की आकुंचन कुठलं आणि प्रसरण कुठलं हेच कळेना. सुरुवातीला आपल्याला वाटलं, की हृदयाची हालचाल फक्त देवालाच कळत असावी, अशी कबुली त्याने स्वतःच दिली आहे.

मग त्याने सोपी युक्ती केली. ज्यांची हृदयं सावकाश चालतात असे प्राणी घेतले. बेडूक, साप, लहान मासे, खेकडे, गोगलगायी. थंड रक्ताच्या या प्राण्यांत हृदयाचं एकेक पाऊल वेगळं दिसत होतं. मरायला टेकलेल्या कुत्र्या-डुकरांतही ते दिसे, कारण शेवटी शेवटी ठोके मंदावतात. त्याला दिसलं, की हृदय आवळतं तेव्हाच ते खरं काम करतं. ते रक्त ओढून घेत नाही, ढकलतं. आधी वरचे छोटे कप्पे, मग खालचे मोठे. वाम माशाचं हृदय तर बाहेर काढून ठेवलं तरी धडधडत राहायचं.

त्याची सगळ्यात लाडकी साक्षीदार होती थेम्स नदीत आणि समुद्रात मिळणारी एक बारीकशी कोळंबी. तिचं अंग पारदर्शक असतं. थोड्या पाण्यात ती सोडली की काही न कापता, न फाडता तिचं हृदय हलताना दिसायचं. हार्वी मित्रांना बोलावून ते दाखवायचा. खिडकीतून घरात डोकवावं तसं हे हृदय दिसतं, अशा अर्थाचं त्याने लिहिलं आहे. कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यातही त्याला एक लाल ठिपका सापडला. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमाराला कवच काढून अंडं कोमट पाण्यात ठेवलं, की टाचणीच्या टोकाएवढा तो ठिपका दिसे, नाहीसा होई, पुन्हा दिसे. पिल्लाचं बाकी शरीर धड घडलेलंही नव्हतं आणि हृदय कामाला लागलं होतं.

शरीररचनेच्या पंडितांवर हार्वीचा मोठा आक्षेप हाच होता. ते फक्त माणूस पाहतात, आणि तोही मेलेला. एकच राज्य पाहून साऱ्या जगाच्या राजकारणाचे नियम सांगणाऱ्यासारखं हे आहे, असं त्याचं म्हणणं. माशाला फुप्फुसं नसतात आणि त्याचं हृदयही साधं असतं. तिथे रक्त एका बाजूने येतं आणि दुसऱ्या बाजूने जातं, हे सरळ दिसतं. हा साधा नकाशा आधी पाहिला असता, तर माणसाच्या चार कप्प्यांत कुणी हरवलं नसतं.

यानंतर हार्वीने हिशेब मांडला. समजा, हृदय एका ठोक्याला अर्धा औंस, म्हणजे जेमतेम चहाचे तीन चमचे रक्त बाहेर टाकतं. समजा, अर्ध्या तासात हजार ठोके पडतात. दोन्ही आकडे त्याने मुद्दाम कमी धरले होते. तरी अर्ध्या तासात ५०० औंस झाले, म्हणजे साधारण १४-१५ किलो रक्त. आपल्या अंगात सगळं मिळून असतं सुमारे पाच लिटर! एवढं रक्त यकृत कुठून बनवणार? त्यासाठी माणसाला अर्ध्या तासात किती जेवावं लागेल? उत्तर एकच उरत होतं. रक्त संपत नाही, तेच ते पुन्हा फिरून येतं.

१६२८ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टहून त्याचं ७२ पानांचं लॅटिन पुस्तक निघालं. स्वागत काही फारसं झालं नाही. या पुस्तकानंतर हार्वीची प्रॅक्टिस बसली, लोक त्याला चक्रम समजू लागले, अशी नोंद त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्रीने करून ठेवली आहे. त्याच्या मांडणीत एक तुटलेला दुवाही होता. धमन्यांतलं रक्त शिरांमध्ये शिरतं कुठून? हे त्याला कधीच दिसलं नाही. १६५७ मध्ये तो वारला. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीत मार्चेल्लो मालपिगीने सूक्ष्मदर्शकाखाली फुप्फुस ठेवलं आणि त्यात केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं दिसलं. वर्तुळ पूर्ण झालं. ते फुप्फुस बेडकाचं होतं.

बांधलेली घोडी

रक्त फिरतं हे कळलं. पण हृदय ते किती जोराने ढकलतं?

हे मोजणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हता, चर्चमधला पाद्री होता. स्टीफन हेल्स लंडनजवळच्या टेडिंग्टनचा. वनस्पतींमध्ये पाणी कसं चढतं यावरचे त्याचे प्रयोग गाजले होते. १७३३ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने एका घोडीची हकिगत दिली आहे. घोडी चौदा वर्षांची, कामातून गेलेली, मारूनच टाकायची होती. तिला जिवंतपणी उताणी बांधली. मांडीजवळची धमनी उघडून त्यात पितळी नळी बसवली, तिला नऊ फूट उंचीची काचेची नळी जोडली. रक्त नळीतून वर चढू लागलं आणि ८ फूट ३ इंचांवर, म्हणजे अडीच मीटरवर, ठोक्यागणिक वरखाली होत राहिलं. मग तो थोडं थोडं रक्त काढत, उंची पुन्हा पुन्हा मोजत गेला. घोडी मरेपर्यंत.

आज घरोघरी ब्लड प्रेशरचं यंत्र असतं. आजोबांच्या दंडाला पट्टा गुंडाळतो, बटण दाबतो, '१२०' दिसलं की हुश्श करतो. १२० हा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमधला. हेल्ससारखी रक्ताचीच उंची मोजली तर ती साधारण दीड मीटर भरेल. त्या पट्ट्याची वंशावळ उलटी मोजत गेलं की ती टेडिंग्टनच्या त्या घोडीपाशी जाऊन थांबते.

हेल्सच्या काळातही हे सगळ्यांना रुचत नव्हतं. कवी अलेक्झांडर पोप शेजारच्याच गावात राहायचा. त्याची हेल्सशी मैत्री होती, माणूस म्हणून तो त्याला मानत होता. पण कुत्र्यांना असं मारण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, आपण त्यांच्याहून एवढे कितीसे वरचे आहोत, असा त्याचा सवाल होता. दोन शेजाऱ्यांतला हा वाद अजून मिटलेला नाही.

स्वप्नातले बेडूक

हृदयाला वेग कमी-जास्त करायला कोण सांगतं? १९२० च्या सुमाराला ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी हा शास्त्रज्ञ यावर विचार करत होता. मेंदूकडून नस येते हे माहीत होतं. पण निरोप विजेचा असतो की रसायनाचा?

लोवीने पुढे सांगितलेली हकिगत अशी, की एका रात्री त्याला स्वप्नात प्रयोग सुचला. अर्धवट झोपेत त्याने तो कागदावर खरडला. सकाळी उठून बघतो तर स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी तो लिहीत बसला नाही, उठून सरळ प्रयोगशाळेत गेला.

दोन बेडकांची धडधडती हृदयं क्षारपाण्यात. पहिल्याच्या नसेला विजेने चेतवलं, त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्याभोवतीचं पाणी घेऊन दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे निरोप पाण्यातून गेला होता. नस रसायन सोडते! आज मेंदूवरची, मनाच्या आजारांवरची कितीतरी औषधं याच कल्पनेवर उभी आहेत. लोवीला १९३६ मध्ये नोबेल मिळालं. तो ज्यू होता. दोनच वर्षांनी नाझींनी त्याला अटक केली आणि बक्षिसाची रक्कम त्यांच्या हवाली केल्यावरच देश सोडू दिला.

बेडकाचं हृदय आपल्याकडेही अनेकांनी पाहिलं आहे. आई-वडिलांपैकी कुणी सायन्सला असेल तर विचारून बघा. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी पसरलेला बेडूक, क्लोरोफॉर्मचा वास, आणि पोट उघडल्यावरही टकटक करणारं ते इवलंसं हृदय. काहींना त्या दिवशी डॉक्टर व्हावंसं वाटलं, काहींनी दुसऱ्याच दिवशी बायोलॉजी सोडलं. २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना काढल्या.

न कापता

विज्ञान पुन्हा पारदर्शक प्राण्यांकडेही वळलं आहे. अंगावर निळे पट्टे असलेला झेब्राफिश हा मासा मूळचा आपल्या उपखंडातला. त्याचं पिल्लू अंड्यात असताना काचेसारखं असतं, आणि दिवसभरातच त्याचं हृदय हलू लागलेलं दिसतं. हार्वीची खिडकी पुन्हा उघडली म्हणायची. याच माशाच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत ते भरून येतं, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. माणसाला हार्ट अटॅक आला की मेलेल्या स्नायूच्या जागी फक्त व्रण उरतो. माशाला जमतं ते आपल्याला का जमत नाही, याचा शोध जगभर सुरू आहे. आणि हो, त्यासाठी मासे कापले जात आहेत. हिशेब चालूच आहे.

दुसऱ्या टोकाला निळा देवमासा. त्याचं हृदय मोटारीएवढं असतं असं आपण वाचत आलो. २०१४ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्याला लागलेल्या एका मृत देवमाशाचं हृदय जतन केलं गेलं, तेव्हा ते सुमारे १८० किलो भरलं. अजस्र खरं, पण मोटार नव्हे. हे झालं मेलेलं हृदय. जिवंत देवमाशाचे ठोके कसे मोजायचे? त्याला कोण बांधणार?

स्टॅनफर्डच्या जेरेमी गोल्डबोगन यांच्या चमूने बांधलं नाहीच. कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या उपसागरात छोट्या बोटीतून लांब काठीने त्यांनी एक यंत्र देवमाशाच्या अंगाला चिकटवलं. ना सुई, ना जखम, फक्त रबरी सक्शन कप. साडेआठ तास तो मासा डुबकी मारत, वर येत फिरला, आणि यंत्र त्याचा ईसीजी नोंदवत राहिलं. मग ते आपोआप सुटून पाण्यावर तरंगलं. २०१९ मध्ये निकाल छापून आले. खोल पाण्यात हृदय मंदावून मिनिटाला कधी कधी फक्त दोन ठोके. श्वासासाठी वर आल्यावर मिनिटाला सदतीसपर्यंत.

घोडीच्या पितळी नळीपासून देवमाशाच्या सक्शन कपापर्यंत यायला २८६ वर्षं लागली. दोन्हीकडे कुतूहल तेच होतं. फरक एवढाच, की माँटेरीत मोजून झाल्यावर मासा पोहत निघून गेला.

हार्वीने कोळंबी पाण्यात ठेवूनच पाहिली होती. न कापता बघता येतं, हे त्यालाही ठाऊक होतं. आपल्या मनगटावरचं स्मार्टवॉच आज हिरवा दिवा लावून, कातडीआडून ठोके मोजतं. त्यावर '७२' दिसलं, की त्या आकड्यामागे वाम, बेडूक आणि टेडिंग्टनची ती निनावी घोडी उभी आहे, एवढं तरी आपल्याला माहीत असावं.