शब्दवेध : अशरफी

नांदेड-लातूर १९४८पर्यंत निजामाच्या मुलखात. तिथल्या सोन्याच्या नाण्याला म्हणत अशरफी. शब्द मूळचा कैरोचा. मामलुक सुलतान अल-अशरफ बर्सबाय याने १४२५मध्ये व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याला शह द्यायला जेमतेम साडेतीन ग्रॅमचं नाणं पाडलं. त्याच्या किताबावरून अशरफी. हैदराबादेत ती सुमारे अकरा ग्रॅमची झाली. नाव तेच, वजन तिप्पट!

१८५८नंतर तिच्यावरचं मोगल बादशहाचं नाव गेलं, निजाम घराण्याचा मूळपुरुष असफजाहचं आलं. सोबत ९२ हा अंक : अबजद गणनेत, म्हणजे अक्षरांना अंक देणाऱ्या पद्धतीत, ‘मुहम्मद’. संग्राहकाने आधी तो शोधावा. घासूनपुसून लखलखीत केलेल्या ठशांची प्रूफ नाणी हवीत, तर कलकत्ता टांकसाळीची १८६२ सालची व्हिक्टोरिया मोहोर पाहावी. त्या काळची अशरफी बहुधा हातोड्याने ठोकलेली, कडेला ओबडधोबड. मला तीच आवडते.