जागा हुकलेल्या डॉक्टरांची वाट

नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गावाच्या बोलण्यातले 'मेडिकल', 1947 मध्ये सुरू झाले. ब्रिटिश काळातील मेयो रुग्णालयाला 1968 मध्ये स्वतंत्र महाविद्यालयाची जोड मिळाली. शहरातले एमडी-एमएस बराच काळ याच दोन आवारांत घडले.

तेव्हा आधी वॉर्डातली नेमणूक आणि मग पदवी, असा क्रम होता. इंटर्नशिप संपली की सहा-सहा महिन्यांची हाउसपोस्ट, पुढे रजिस्ट्रारची जागा. निवडीत एमबीबीएसच्या गुणांना मोठे वजन असे. मेडिसिन किंवा सर्जरी हुकलेला डॉक्टर मिळेल त्या विभागात हाउसमन होई. टाके घालणे, प्लास्टर चढवणे, रात्रीची इमर्जन्सी सांभाळणे सुरूच राही. वर्ष लांबले तरी हात रिकामे राहत नसत, आणि त्या पद्धतीची ही मोठी जमेची बाजू होती. वाट फारच लांबली, तर 1912 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची पदविका किंवा 1982 नंतर राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे डीएनबी, हे पर्याय होते.

प्रदीप जैन खटल्यातील 1984 च्या निकालाने चित्र बदलले. पदव्युत्तर जागांचा एक हिस्सा देशभरातील गुणवत्तेसाठी खुला झाला, 1988 पासून अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली आणि 2005 मध्ये हा हिस्सा 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये रद्द ठरवलेली 'नीट' 2016 मध्ये पुन्हा ग्राह्य धरली गेली, आणि 2017 पासून बहुतेक पदव्युत्तर प्रवेश याच एका परीक्षेवर आले.

वॉर्डातील काम आणि शिकण्याची जागा आता एकच झाली होती. त्यामुळे रँक कमी पडली की दोन्ही एकदम सुटू लागले. प्रतीक्षा वॉर्डातून अभ्यासिकेत आली. 'ड्रॉप' घेणारे दिवसभर प्रश्नसंच सोडवतात. घरची ओढाताण असलेले धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांत आरएमओ होऊन रात्रपाळी करतात आणि आयसीयूच्या टेबलावर नोट्स उघडतात. काही जण गडचिरोली-मेळघाटातील प्राथमिक आरोग्य केंद्रे धरतात. दुर्गम भागातील सरकारी सेवेला वर्षाला 10 टक्के, कमाल 30 टक्के प्रोत्साहन गुण देण्याची तरतूद नियमांत होती. कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या पदविकेचा आधार मात्र डळमळला: केंद्राने 2017 मध्ये दिलेली मान्यता 2018 मध्ये बहुतेक अभ्यासक्रमांची काढून घेतली.

प्रवेशाच्या फेऱ्यांत सुरुवातीला हवी ती ब्रँच मिळाली नाही, तर नंतरची फेरी आणि शेवटची स्ट्रे फेरी उरते. शरीरक्रिया, जीवरसायन यांसारख्या विषयांच्या जागा तेव्हाही रिकाम्या दिसतात. 2021 च्या प्रवेशात देशात 1,456 जागा भरल्या गेल्या नाहीत. 2023 मध्ये पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत उतरवावी लागली. म्हणजे नाव न लागलेले डॉक्टर आणि रिकाम्या जागा एकाच वेळी शिल्लक राहत होत्या. रेडिओलॉजी किंवा मेडिसिनसाठी थांबलेल्याला ही सवलत फारशी कामाची नव्हती.

जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर प्रवेशातील अधिवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले, मात्र संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना मर्यादित प्राधान्य देण्याची मुभा कायम ठेवली.