सुखोन यांचा ‘भोवरा’

गुन्हा लपवितां येतो, पण मनाची टोंचणी लपवितां येत नाहीं. स्लोव्हाक संगीतकार एउगेन सुखोन यांच्या ‘क्रूत्न्याव्हा’, म्हणजे ‘भोवरा’, या ऑपेराचें हेंच सार आहे.

ब्रातिस्लावाजवळील पेझिनोक या गांवीं १९०८ सालीं सुखोन यांचा जन्म झाला. ब्रातिस्लावा येथें फ्रिको काफेंदा व प्राग येथें व्हीतेझ्स्लाव्ह नोव्हाक यांच्याजवळ त्यांनीं रचनेचें शिक्षण घेतलें. लोकगीतें जशींच्या तशीं उचलण्यापेक्षां त्यांच्या जुन्या स्वरपंक्तींतून नवी रचना घडविणें त्यांना अधिक प्रिय होतें.

मिलो उर्बान यांच्या कथेवरील हा ऑपेरा १९४१ ते १९४९ या काळांत लिहून झाला. ओंद्रेय आपल्या प्रतिस्पर्ध्याचा खून करतो आणि त्याची प्रेयसी कात्रेना हिच्याशीं लग्न लावतो. मृताचा वृद्ध पिता खुन्याचा शोध घेत राहतो. अखेर ओंद्रेय स्वतःच कबुली देतो.

१० डिसेंबर १९४९ रोजीं ब्रातिस्लावाच्या स्लोव्हाक राष्ट्रीय नाट्यगृहांत पहिला प्रयोग झाला. कम्युनिस्ट राजवटीस तो रुचला नाहीं. कवि व त्याचें प्रतिरूप या दोन पात्रांचा संवाद गाळावा लागला. शेवटही बदलावा लागला. या बदललेल्या रूपांतच ही कृति परदेशीं गाजली. १९९३ सालीं सुखोन निवर्तले. पुढें मूळ रूप पुन्हा रंगभूमीवर आलें. कबुलीची कथा सांगणाऱ्या कृतीलाच आपलें खरें बोलणें ऐकविण्यासाठीं इतकीं वर्षें थांबावें लागलें.